'लाइफ इज स्ट्रेंज' पहिल्यांदा खेळताना: बेळगाव-खानापूरकडच्या नव्या खेळाडूंसाठी

जूनमध्ये पाऊस एकदा धरला की बेळगावात संध्याकाळ घरातच काढावी लागते. अशा दिवसांत मला एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी बहुतेक वेळा खानापूर नाहीतर निपाणीकडून इथे शिकायला आलेली कॉलेजची मुलं असतात: "ताई, गेम सांग की एखादी. पण मारामारीची नको, गोष्ट असलेली पाहिजे." गेली काही वर्षं माझं उत्तर एकच आहे, 'लाइफ इज स्ट्रेंज'. नुसतं नाव सांगून मात्र भागत नाही. ज्यांना नाव सांगितलं त्यांतल्या निम्म्यांनी ती पहिल्याच संध्याकाळी सोडून दिली. कुणाला इंग्रजी झेपलं नाही, तर कुणाला वाटलं, "यात काही होतच नाही." म्हणून या वेळी सगळं पायरी-पायरीनं लिहिते आहे. शेवट काय होतो, गुन्हेगार कोण, हे यात कुठेही सांगितलेलं नाही, तेव्हा बिनधास्त वाचा.

आधी हे काय आहे ते

पॅरिसच्या डोन्टनॉड या कंपनीनं बनवलेली आणि स्क्वेअर एनिक्सनं प्रकाशित केलेली ही गेम २०१५ साली पाच भागांत आली. पहिला भाग त्या वर्षीच्या जानेवारीत आला आणि शेवटचा ऑक्टोबरमध्ये. मधे लोक दोन-दोन महिने वाट बघत बसायचे. आता पाचही भाग एकत्र मिळतात. एकेक भाग साधारण दोन ते तीन तासांचा आहे.

गोष्ट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगन राज्यातल्या आर्केडिया बे या काल्पनिक गावात घडते, २०१३ च्या ऑक्टोबरमधल्या एका आठवड्यात. मॅक्स कॉलफिल्ड ही अठरा वर्षांची मुलगी तिथल्या ब्लॅकवेल अकादमीत छायाचित्रण शिकायला आली आहे. तिकडे हायस्कूल बारावीपर्यंत असतं आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला 'सीनियर' म्हणतात. आपल्याकडे हायस्कूल एसएसएलसीला, म्हणजे दहावीला संपतं आणि पुढे पीयूसीचं, म्हणजे अकरावी-बारावीचं कॉलेज सुरू होतं. म्हणून 'हायस्कूलची गोष्ट' ऐकलं की आपल्या डोळ्यासमोर निळा-पांढरा गणवेश येतो आणि पहिल्याच दृश्यात घोटाळा होतो. मॅक्सला सेकंड पीयूसीची, हॉस्टेलवर राहणारी मुलगी समजा, म्हणजे बाकी सगळं जागेवर बसेल.

मॅक्स याच गावात लहानाची मोठी झालेली. मग घरच्यांबरोबर सिअ‍ॅटलला गेली, आणि पाच वर्षांनी परतली. परतून महिना झाला तरी तिनं जिवाभावाच्या मैत्रिणीला, क्लोई प्राइसला, एक फोनसुद्धा केलेला नाही. ज्यांच्या मैत्रिणी पुण्याला नाहीतर बेंगळूरला नोकरीला गेल्या, सुरुवातीला रोज बोलल्या आणि मग हळूहळू फक्त वाढदिवसाच्या मेसेजपुरत्या उरल्या, त्यांना ही गोष्ट कुठून सुरू होते ते समजावून सांगावं लागत नाही.

रहस्य शाळेच्या भिंतीवरच चिकटवलेलं आहे. रेचल अ‍ॅम्बर नावाची मुलगी हरवली आहे आणि तिची पत्रकं गावभर लागली आहेत. आणि मॅक्सला अचानक कळतं की आपल्याला काळ थोडासा मागे नेता येतो.

कुणी खेळू नये

हे आधीच सांगते. गेममध्ये शाळा आहे म्हणून ती शाळकरी मुलांसाठी आहे असं समजू नका. आत्महत्येचा विचार, मुलींवरचे अत्याचार, ड्रग्ज, बंदूक, शिवीगाळ हे सगळं यात आहे, आणि ते तोंडी लावण्यापुरतं नाही, गोष्टीच्या मुळाशी आहे. आठवी-नववीतल्या भावंडांना शेजारी बसवू नका. ज्यांनी घरात नाहीतर मित्रांत कुणाला अशा रीतीनं गमावलं आहे त्यांनी दुसरा भाग एकट्यानं, रात्री, मुळीच खेळू नये. मनावर ताण आला तर थांबा आणि कुणाशी तरी बोला. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.

कुठली आवृत्ती घ्यायची

नाव सारखं असलेल्या बऱ्याच गेम आहेत, त्यामुळे दुकानाच्या पानावर गोंधळ होतो. तुम्हाला पाहिजे ती ज्यात मॅक्स आणि क्लोई आहेत ती पहिली गेम. तिच्या दोन आवृत्त्या आहेत. एक २०१५ ची मूळ, आणि दुसरी २०२२ च्या फेब्रुवारीत आलेली रीमास्टर्ड, जिच्यात चेहरे आणि प्रकाशयोजना सुधारली आहे. घरी जुना लॅपटॉप असेल तर मूळ आवृत्तीच घ्या. ती अनरियल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, तिसऱ्या पिढीवर बनलेली आहे, त्यामुळे साध्या यंत्रावरही चालते. चित्रं जलरंगात रंगवल्यासारखी मऊ आहेत, ती जुनी झाली तरी डोळ्यांना खुपत नाहीत. माझं स्वतःचं मत विचाराल तर मला मूळच आवडते.

संगणकावर मूळ आवृत्तीचा पहिला भाग २०१६ च्या जुलैपासून विनामूल्य ठेवलेला आहे. दुकानाच्या पानावर तो आधी शोधा, खेळून बघा, आणि मगच पैसे घाला. फोनवरही ही गेम आहे, आयफोनवर २०१७ च्या शेवटी आणि अँड्रॉइडवर २०१८ मध्ये आली. पण पाच इंची पडद्यावर खालची अक्षरं वाचताना डोळे दुखतात, आणि या गेममध्ये वाचायचं भरपूर आहे. दुसरा काही इलाज नसेल तरच फोन.

डाउनलोड काही जीबींचं आहे. जांबोटीकडे नाहीतर खानापूरच्या आतल्या गावात राहणाऱ्यांनी बेळगावात कुणाच्या तरी घरच्या फायबरवर उतरवून घ्यावं. हॉटस्पॉटवर रात्र काढू नये.

आणि लाईट. आपल्याकडे पावसात ती जाणारच. गेम आपोआप सेव्ह होते, पण ठरावीक टप्प्यांवर. म्हणजे लांब दृश्याच्या मधे वीज गेली तर त्या दृश्याच्या सुरुवातीपासून पुन्हा. डेस्कटॉप असेल तर तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

इंग्रजीचं काय करायचं

इथेच जास्त लोक गळतात, म्हणून इथे जरा थांबते.

गेममध्ये मराठी नाही, कन्नड नाही, हिंदीही नाही. संवाद अमेरिकन इंग्रजीत आहेत, आणि तेही अठरा वर्षांच्या पोरांच्या इंग्रजीत. सुरू करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन सबटायटल चालू करा. हेडफोन लावा, नाहीतर टीव्हीचा आवाज नीट ठेवा. पत्र्यावरच्या पावसात अर्धे शब्द ऐकूच येत नाहीत. क्लोई दर दोन वाक्यांना 'हेला' म्हणते. तो शब्द डिक्शनरीत शोधत बसू नका, आपल्या 'लई'च्या जागी तो आहे. 'डॉर्म' म्हणजे हॉस्टेल. 'व्होर्टेक्स क्लब' हे शाळेतल्या श्रीमंत, मिजासखोर टोळक्याचं नाव. एवढ्यावर पहिला भाग निघतो.

पण मी सगळ्यांना सांगते ते वेगळंच. ही गेम एकट्यानं खेळू नका, तिघं-चौघं मिळून खेळा. आमच्या शहापूरच्या घरी आम्ही तशीच खेळलो. मी, माझी खानापूरची मावसबहीण आणि तिच्या वर्गातल्या दोघी, चार शनिवार. एकीच्या हातात कंट्रोलर, एकीनं सबटायटल वाचून मराठीत मोठ्यानं सांगायचं, एकीनं वही धरायची. चौथी फक्त बघणारी. तीच सगळ्यांत जास्त गोष्टी पकडते, तिला कमी लेखू नका. दर अर्ध्या तासाला जागा बदलायच्या.

मराठीत सांगणाऱ्यावर एक अवघड काम येतं, आणि खरी मजा तिथेच आहे. इंग्रजीत सगळेच 'यू'. मराठीत सांगायचं तर कुणाला 'तू' आणि कुणाला 'तुम्ही' हे तुम्हालाच ठरवावं लागतं. मॅक्स आणि क्लोई एकमेकींना 'तू' म्हणणार, 'अगं' म्हणणार, यात वाद नाही. प्रिन्सिपल वेल्सना 'सर'. क्लोईची आई जॉइस गावातल्या खानावळीत काम करते आणि मॅक्सला लहानपणापासून ओळखते. ती आमच्याकडे पहिल्याच मिनिटाला 'जॉइस मावशी' झाली. पण क्लोईचा सावत्र बाप डेव्हिड, शाळेचा सुरक्षाप्रमुख, त्याला काय म्हणायचं? मॅक्स त्याच्याशी तोंडावर आदरानं बोलते. क्लोई त्याला 'तुम्ही' म्हणेल हे आमच्यापैकी कुणालाच पटेना. यावर आम्ही गेम थांबवून दहा मिनिटं भांडलो, आणि त्या दहा मिनिटांत ते घर आम्हाला जितकं कळलं तितकं नुसतं बघून कधीच कळलं नसतं.

एखादं वाक्य निसटलं तर "काय म्हणूलालाय तो?" असं विचारायला लाजू नका. काळ मागे न्यायची सोय गेममध्येच आहे. तिचा सगळ्यांत चांगला उपयोग हाच, पुन्हा ऐकणं.

पहिला तास

सुरुवातीला वादळ आणि दीपस्तंभ येईल. तिथे फक्त पुढे चालत राहा. मग वर्ग. इथे मॅक्सच्या टेबलावरच्या वस्तू बघायला शिका. ज्या वस्तूला हात लावता येतो तिच्याभोवती हातानं काढल्यासारख्या पांढऱ्या रेघा आणि शब्द उमटतात. टेबलावरचं सगळं बघून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. ही सवय इथेच लावा.

थोड्या वेळानं एक मोठा धक्का बसेल आणि मॅक्स पुन्हा त्याच वर्गात, त्याच क्षणाला येऊन पडेल. आता गेम तुम्हाला काळ मागे न्यायला शिकवते, आणि फार हुशारीनं. सर एक प्रश्न विचारतात, पहिली आत्मचित्रं ज्यातून आली त्या छायाचित्रणाच्या पद्धतीबद्दल. मॅक्सला उत्तर येत नाही, दुसरी मुलगी ते देते: फ्रेंच माणूस लुई डगेर याच्या नावाची पद्धत. तुम्ही ते ऐकता, काळ मागे नेता, आणि आता तेच उत्तर मॅक्स देते. पाच भागांतली प्रत्येक मोठी गोष्ट याच रीतीनं चालते. आधी ऐका, मग मागे जा, मग ऐकलेलं वापरा.

त्यानंतर मुलींच्या स्वच्छतागृहात वेळेशी शर्यत आहे. आगीची घंटा वाजवायची असते, पण काच फोडायला काहीतरी हवं. सफाईची गाडी बाजूला सरकवून बघा. वेळ संपली तर काही बिघडत नाही, मागे न्या आणि पुन्हा करा. नवे खेळाडू इथे घाबरून कंट्रोलर दुसऱ्याच्या हातात देतात. तसं करू नका, हा प्रसंग तुम्ही स्वतः सोडवलात की गेम तुमची होते.

पुढे हॉस्टेलच्या पायऱ्या अडवून व्हिक्टोरिया आणि तिच्या मैत्रिणी बसलेल्या असतात. बोलून त्या हटत नाहीत. आजूबाजूला पाण्याचे फवारे आहेत आणि रंगाची बादली आहे. त्या दोहोंचा विचार करा, एवढंच सांगते.

काळ मागे नेण्याचे नियम

हे कुणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून इथे लिहिते.

काळ मागे गेला तरी मॅक्स जिथे उभी आहे तिथेच राहते. बाकी सगळं जग मागे जातं, ती नाही. म्हणून बंद दाराच्या आत शिरून मग काळ मागे नेला तर दार बंद आणि मॅक्स आत, असं होऊ शकतं. हातात घेतलेली वस्तूही तिच्याकडेच राहते. आणि कळलेली माहिती तर राहतेच. संवादात नवा पर्याय दिसला आणि त्याच्याजवळ वेटोळ्याचं चिन्ह असेल, तर समजा की तो मागे गेल्यामुळे मिळाला आहे.

मागे किती जाता येतं याला हद्द आहे. एका जागेतून बाहेर पडलात, दृश्य बदललं, की आधीचा निर्णय कायमचा. पडद्याच्या कोपऱ्यात फुलपाखरू फडफडलं की तुम्ही केलेल्या गोष्टीचा परिणाम पुढे होणार आहे. अशा वेळी दोन्ही पर्याय बघून घ्या. एक निवडा, लोक काय म्हणतात ते ऐका, मागे न्या, दुसरा निवडा, तेही ऐका, आणि मग ठरवा. मॅक्सही प्रत्येक निवडीनंतर मनातल्या मनात शंका काढते, त्यामुळे कुठलाच पर्याय 'बरोबर' वाटत नाही. ते मुद्दाम तसं आहे. नेटवर बरोबर उत्तर शोधू नका.

लहान गोष्टीही गेम लक्षात ठेवते. मॅक्सच्या खोलीत लिसा नावाचं एक रोप आहे, त्याला पाणी घातलं की नाही हेसुद्धा. आमच्या घरी आई येता-जाता फक्त त्या रोपाची चौकशी करायची.

बसायला शिका

"यात काही होतच नाही" म्हणणाऱ्यांसाठी हा भाग.

जागोजागी बाक आहेत, पायऱ्या आहेत, पलंग आहेत. तिथे बसण्याचा पर्याय येतो. मॅक्स बसते, कॅमेरा हळूहळू आजूबाजूला फिरतो, ती मनात काहीतरी बोलते, मागे गिटार वाजत असते. तुम्ही उठवेपर्यंत ती बसून राहते. जोनाथन मोराली या फ्रेंच संगीतकाराचं संगीत अशा ठिकाणी नीट ऐकू येतं. अशा जागा वगळल्या तर गेम तासभर लवकर संपेल, आणि तुमच्याकडे फक्त घटनांची यादी उरेल.

तसंच डायरीचं. मॅक्स रोजनिशी लिहिते, तीत माणसांची पानं आहेत, फोनवर आलेले मेसेज आहेत. दर भागाच्या सुरुवातीला पाच मिनिटं ती वाचा. आठवड्याभरानं पुन्हा खेळायला बसलात तर मागचं विसरलेलं असतं, तेव्हा हीच वही कामाला येते.

फोटोही आहेत. दर भागात दहा ठिकाणी मॅक्स आपल्या जुन्या झटपट कॅमेऱ्यानं फोटो काढू शकते, म्हणजे सगळे मिळून पन्नास. न काढले तरी गोष्ट अडत नाही. पहिल्या खेपेला त्यांच्या मागे लागू नका. नंतर फक्त फोटो गोळा करण्यासाठीचा वेगळा प्रकार मेनूत आहे, त्यात तुमचे निर्णय बदलत नाहीत.

दुसरा भाग आणि केट

आता मला जे सांगायचं आहे ते.

हॉस्टेलवर केट मार्श नावाची शांत, देवाधर्मातली मुलगी आहे. तिचा एक व्हिडिओ शाळेत फिरतो आहे, आणि सगळे तिच्याकडे बघून कुजबुजतात. फोनवरून फोनवर फिरणारा व्हिडिओ एखाद्या मुलीचं काय करतो, हे आपल्या गावांतही सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या भागापासून केट तुमच्या आजूबाजूला असते, पण कधीच मोठ्यानं बोलत नाही. तिच्याजवळून नुसतं पुढे निघून जाणं अगदी सोपं आहे.

मी पहिल्यांदा ही गेम एकटीनं, दोन रात्रींत संपवली होती. क्लोई भेटायची घाई, रहस्याची घाई. दुसऱ्या भागात एक प्रसंग असा येतो की मॅक्सला काळ मागे नेता येत नाही. बोलायचं एकदाच, आणि जे बोललं ते बोललं. तिथे केटच्या घरच्यांबद्दल एक साधा प्रश्न आला, तिच्या जवळचं माणूस कोण, अशा अर्थाचा. मला उत्तर माहीत नव्हतं. ते तिच्या खोलीतच होतं, आणि मी त्या खोलीत काहीही न बघता बाहेर पडले होते. त्यानंतर जे झालं ते मी सांगत नाही, पण गेम बंद करून मी बराच वेळ तशीच बसले होते.

म्हणून पहिल्या दोन भागांत एवढं करा. केट दिसली की तिच्याशी बोला, विषय नसला तरी. तिच्या खोलीत गेलात तर टेबल, भिंत, पत्रं, सगळं बघा आणि वहीत तिच्या नावाचं एक पान काढून लिहा. तिचा फोन आला तर काय करायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, पण तो आला आहे हे विसरू नका. ज्या गेममध्ये सगळं पुसून पुन्हा करता येतं, तिथे त्या एका प्रसंगात हाताशी काय उरतं? फक्त आधी ऐकलेलं. आमच्या चार शनिवारांत मावसबहिणीनं केटसाठी वहीची दोन पानं भरली होती.

जिथे लोक अडकतात

दुसऱ्याच भागात, खानावळीत, क्लोई पुरावा मागते: माझ्या खिशात काय आहे ते सांग. तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. आधी चुकीचं सांगा, ती खिसे रिकामे करेल, नीट बघा, वहीत आकडे लिहा, आणि मग मागे न्या. 'सिगारेटी आहेत' एवढ्यावर भागत नाही, किती आहेत तेही लागतं. नंतर लगेच खानावळीत पुढच्या मिनिटभरात काय काय घडणार हे ओळखायचं असतं. तिथेही हीच पद्धत.

मग भंगाराच्या आवारात पाच बाटल्या शोधायच्या आहेत. हा तुकडा कंटाळवाणा आहे, मी खोटं सांगणार नाही. भिंतीच्या कडेकडेनं एक फेरी मारा, मोडक्या वाहनांच्या आत बघा, आणि दहा मिनिटांत मिळाल्या नाहीत तर इथे नेटवर बघितलं तरी चालेल. त्यानं गोष्टीचं काही कमी होत नाही.

चौथ्या भागात क्लोईच्या खोलीत पुराव्यांचा फळा लावायचा असतो, आणि तिथे बहुतेक जण हात टेकतात. तीन माणसांकडून गोळा केलेले कागद, मेसेज, आकडे समोर असतात आणि त्यांतून एकमेकांशी जुळणारे निवडायचे असतात. पडद्यावरच्या पडद्यावर जुळवायला जाऊ नका. खरा कागद घ्या, तीन रकाने करा, प्रत्येकात तारखा, वेळ, टोपणनावं उतरवा. जे दोन रकान्यांत सारखं दिसेल ते धागा. आम्ही तो कागद जमिनीवर पसरून चौघीजणी त्याभोवती बसलो होतो. मधे कुंद्याची वाटी, बाहेर पाऊस, आणि अकरा वाजले तरी कुणी उठायला तयार नव्हतं.

तिसऱ्या भागाबद्दल काही लिहीत नाही. तो असाच खेळा.

शेवटचा निर्णय

दर भागानंतर जगभरातल्या खेळाडूंपैकी किती टक्के लोकांनी काय निवडलं ते दिसतं. पहिल्या खेपेला ते पान झरकन पुढे ढकला. आपण अल्पमतात आहोत हे कळलं की पुढच्या भागात माणूस स्वतःच्या मनानं खेळत नाही.

गेमला दोन शेवट आहेत. मिळून खेळत असाल तर आधीच ठरवून ठेवा की शेवटी काय करायचं, कारण मतदान करून हा निर्णय होत नाही. आम्ही पाचवा भाग सुरू करण्याआधीच ठरवलं होतं: शेवटचा प्रश्न आला की गेम थांबवायची, प्रत्येकीनं चिठ्ठीवर आपला निर्णय लिहायचा, चिठ्ठ्या उघडायच्या नाहीत, आणि त्या क्षणी जिच्या हातात कंट्रोलर असेल तिनं तिचा निवडायचा. नंतर भाग निवडण्याच्या यादीतून शेवटच्या टप्प्यावर परत जाऊन दुसरा शेवटही बघता येतो. पण तो त्याच रात्री बघू नका. एक आठवडा जाऊ द्या.

त्यानंतर काय

'बिफोर द स्टॉर्म' ही २०१७ साली आलेली तीन भागांची गेम तीन वर्षं आधीची गोष्ट सांगते. ती बनवली डेक नाइन या दुसऱ्या कंपनीनं. काळाच्या क्रमानं ती आधीची, म्हणून काही जण ती आधी खेळायला सांगतात. ऐकू नका. तिच्यात तुम्ही क्लोई असता, आणि रेचल अ‍ॅम्बर, जी पहिल्या गेममध्ये फक्त पत्रकांवरचा फोटो होती, ती तुमच्यासमोर चालते-बोलते. पुढे काय होणार हे माहीत असताना तिला भेटणं वेगळं, आणि माहीत नसताना वेगळं. रीमास्टर्ड आवृत्ती घेतलीत तर ती त्याच संचात मिळते. २०१८-१९ ची 'लाइफ इज स्ट्रेंज २' आणि २०२१ ची 'ट्रू कलर्स' यांतली माणसं वेगळी, त्या कधीही खेळा. २०२४ च्या 'डबल एक्सपोजर'मध्ये मॅक्स मोठी होऊन परत येते, तिची जाहिरातसुद्धा पहिली गेम संपेपर्यंत बघू नका.

'बिफोर द स्टॉर्म'ला बसाल तेव्हा मराठीत सांगणाऱ्या मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा की आता सावकाश चालणार नाही. क्लोई भांडते, तोंडाला तोंड देते, आणि समोरच्याच्याच शब्दात त्याला पकडून उत्तर द्यायचं असतं, तेही ठरलेल्या वेळात. तिला काळ मागे नेता येत नाही.